वडिलांचा किसान सन्मान निधीचा हप्ता थांबला आहे आणि काजूच्या फरकाची रक्कमही आलेली नाही. पुन्हा अर्ज करावा का?

डोंगरमाथा (उत्तर गोवा)

नमस्कार. आमचे घर उत्तर गोव्यात काजूच्या पट्ट्यात आहे. वडिलांचे वय ७४ आहे, आई ६९ वर्षांची आहे आणि दोघेही अजून बागेत काम करतात. मी नोकरीनिमित्त फोंड्याला राहतो आणि शनिवार-रविवारी गावी जातो, त्यामुळे घरातल्या कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात सध्या दोन गोष्टी अडकल्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे की नाही, हेही मला कळेनासे झाले आहे.

पहिली गोष्ट पंतप्रधान किसान सन्मान निधीची. योजना २०१९ साली सुरू झाली तेव्हापासून वर्षाला ६००० रुपये, प्रत्येकी २००० च्या तीन हप्त्यांत, वडिलांच्या खात्यात नियमित जमा होत होते. गेल्या वर्षभरात मात्र एकही हप्ता आलेला नाही. आमच्याच वाड्यावरील तीन शेतकऱ्यांना तो वेळेवर मिळाला. वडील दर वेळी चालत बँकेपर्यंत जातात, पासबुक छापून घेतात आणि परत येऊन ‘नाही आले’ एवढेच सांगतात. रकमेपेक्षा मला त्यांचे ते परत येणे जास्त लागते.

दुसरी गोष्ट काजूची. राज्य सरकारने २०२३ मध्ये काजूच्या बियांची आधारभूत किंमत किलोला १२५ वरून १५० रुपये केली. बाजारभाव त्याहून खाली असला तर मधला फरक शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतो, हे आम्हांला ठाऊक आहे. गेल्या हंगामात आम्ही सुमारे ४०० किलो बिया एका सहकारी संस्थेला ११० रुपये दराने विकल्या. आधारभूत किंमत १५० धरली तरी फरकाचे १६,००० रुपये होतात. एवढ्यात बागेची साफसफाई आणि आगीसाठी कडेचे गवत कापण्याची मजुरी निघते. हंगामातील सर्व पावत्या मी जपून ठेवल्या आहेत, तरीही रक्कम आलेली नाही.

जमिनीची स्थिती अशी. आमचे दोन सर्व्हे क्रमांक आहेत. खालचे भाताचे शेत पूर्वी आजोबा कूळ म्हणून करत असत आणि आता ते एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा नमुना) वडिलांच्या नावे आहे. वरची काजूची भरड, म्हणजे डोंगरउताराची जमीन, मात्र आजही आजोबांच्या नावावर असून त्यांना जाऊन २२ वर्षे झाली आहेत. कृषी कार्ड, म्हणजे कृषी खात्याकडील शेतकरी म्हणून नोंदीचे कार्ड, वडिलांच्या नावाचे आहे.

कार्यालयात चौकशी केली तेव्हा एका ठिकाणी ‘यादीत नाव दिसत नाही’ असे सांगण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी ‘नव्याने अर्ज करा’ असा सल्ला मिळाला. नवीन अर्ज केल्यास जुनी नोंद रद्द होऊन थांबलेले हप्ते कायमचे जातील, अशी मला भीती वाटते. आपल्यापैकी कोणी या मार्गाने गेले असल्यास कृपया सविस्तर लिहावे. फॉर्म कुठे मिळतो यापेक्षा पैसा नेमका कुठे अडतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त कृषी साहाय्यक

आपण नव्याने अर्ज करू नये, हे सर्वप्रथम सांगतो. किसान सन्मान निधीची नोंदणी आधार क्रमांकावर होते. तो क्रमांक एकदा नोंदला गेला असेल तर त्याच क्रमांकाचा दुसरा अर्ज प्रणाली स्वीकारत नाही, आणि मधल्या काळात आपला महिना-दीड महिना वाया जातो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत अशी कितीतरी वयस्कर माणसे चौथ्यांदा तोच अर्ज भरून माझ्या टेबलासमोर बसलेली मी पाहिली आहेत. त्यांची मूळ नोंद शाबूत होती, बिघाड दुसरीकडेच होता.

‘यादीत नाव नाही’ या उत्तराचाही नेमका अर्थ काढावा लागतो. या योजनेच्या संकेतस्थळावर गाववार लाभार्थ्यांची यादी कोणालाही पाहता येते, पण त्या यादीत नाव न दिसणे आणि नोंदणी रद्द होणे ही एकच गोष्ट नव्हे. त्याच संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घालून आपली स्थिती पाहण्याची सोय आहे. नोंदणी क्रमांक हरवला असल्यास आधार किंवा मोबाईल क्रमांकावरून तो परत मिळतो. तिथे तीन नोंदी एकाखाली एक दिसतात: जमिनीची जोडणी झाली आहे का, ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) झाली आहे का आणि बँक खाते आधारशी जोडलेले आहे का. तिन्हींपुढे ‘होय’ असेल तरच हप्ता पुढे सरकतो. एकाही ठिकाणी ‘नाही’ असेल तर तो तिथेच थांबतो आणि शेतकऱ्याला त्याचे कारण कोणी घरी येऊन सांगत नाही. म्हणून ते पान उघडल्याशिवाय कोणत्याही कार्यालयाची पायरी चढू नये.

जमिनीपुढे ‘नाही’ असल्यास काम कृषी कार्यालयाचे आहे. उतारा आणि आधार घेऊन तिथे जावे. आपल्या वडिलांच्या नावावर भाताचे शेत आहे, त्यामुळे या योजनेपुरती अडचण येऊ नये. पात्रतेसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असणे ही अट होती आणि ती त्यांच्याबाबतीत पूर्ण होते असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. काजूची भरड आजोबांच्या नावावर असली तरी तिचा या हप्त्याशी संबंध नाही. दोन्ही प्रश्न एकत्र गुंतवू नयेत.

ई-केवायसीपुढे ‘नाही’ असल्यास तीन मार्ग आहेत: आधारला जोडलेल्या मोबाईलवर येणारा ओटीपी, सेवा केंद्रात बोटांचे ठसे, किंवा २०२३ पासून योजनेच्या ॲपवर चेहरा दाखवून ओळख पटवणे. या तिसऱ्या मार्गाबद्दल मुद्दाम लिहितो. काजूत राबणाऱ्या माणसांच्या बोटांवर बोंडाचा रस आणि बीच्या कवचातले तेल वर्षानुवर्षे लागलेले असते, कातडी सोलवटलेली असते आणि सत्तरीनंतर ठसे मुळातच पुसट होतात. यंत्रावर पाच-सहा वेळा बोट दाबूनही ठसा उमटत नाही तेव्हा तो माणूस स्वतःलाच दोष देऊ लागतो. अशा वेळी यंत्राशी झगडत बसण्यापेक्षा घरच्या कोणीतरी आपल्या मोबाईलवर चेहऱ्याची पडताळणी करून द्यावी. त्याला पाच मिनिटे पुरतात.

आता काजू. आपण पावत्या जपून ठेवल्या आहेत, हे उत्तम केले. त्या पावत्या कोणाच्या नावे आहेत, ते मात्र लिहिलेले नाही. कृपया आज रात्रीच त्या काढून पाहाव्यात. फरकाची रक्कम कृषी कार्ड ज्याच्या नावे असते, त्याच्या खात्यात जाते. बिया संस्थेत घेऊन जाणारा मुलगा असतो, काट्यावरचा माणूस ‘नाव काय’ विचारतो आणि मुलगा स्वतःचे नाव सांगतो. हंगामभर पावत्या मुलाच्या नावे फाटतात, कार्ड बापाच्या नावे राहते आणि दोन्ही कागद एकमेकांना ओळखत नाहीत. हे माझ्यासमोर इतक्या वेळा घडले आहे की कोणी ‘काजूचा फरक आला नाही’ म्हणाला की मी आधी पावतीच मागत असे.

खातेवही (बँक कर्मचारी)

वरील प्रतिसादात बँकेचा भाग थोडक्यात आला आहे. तो मी थोडा उलगडून लिहितो, कारण आमच्या खिडकीवर सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतो.

‘माझे खाते आधारशी जोडलेले आहे’ असे ग्राहक सांगतो तेव्हा तो खरेच बोलत असतो. पण आधार बँकेत केवळ ओळखपत्र म्हणून नोंदलेले असणे आणि सरकारी अनुदान त्या खात्यात यावे म्हणून नोंदलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या नोंदीसाठी वेगळे संमतिपत्र द्यावे लागते. मग बँक ती माहिती एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधील पैशांची देवाणघेवाण चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदवहीत चढवते. या नोंदवहीत एका आधार क्रमांकासमोर एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते. नंतर दुसऱ्या बँकेने तोच क्रमांक चढवला की आधीच्या बँकेचे नाव निघून नव्या बँकेचे लागते. सरकार आधारच्या आधारे पैसे पाठवते तेव्हा अर्जावर लिहिलेला खाते क्रमांक पाहिला जात नाही. नोंदवहीत त्या क्षणी ज्या बँकेचे नाव असेल, तिथे ते पैसे जातात.

याचा अर्थ असा की हप्ता ‘आला नाही’ असे वाटत असताना तो दुसऱ्याच खात्यात येऊन पडलेला असू शकतो. ठेव ठेवायला म्हणून, कर्ज घ्यायला म्हणून, किंवा मोबाईलचे कार्ड घेताना दुकानदाराने सांगितले म्हणून उघडलेले खाते लोक विसरतात. ते उघडताना सह्या केलेल्या कागदांत हे संमतिपत्रही असते. ग्राहकाची ती चूक म्हणता येणार नाही, कारण दहा पानांवर खुणा केलेल्या जागी सह्या करताना त्यातले कोणते पान काय आहे, हे त्याला कोणी वाचून दाखवलेले नसते. माझ्यासारख्यांनी ते वाचून दाखवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

तपासण्याची पद्धत सोपी आहे. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर वडिलांचा क्रमांक आणि त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी घालून ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहावी. तिथे बँकेचे नाव, जोडणी चालू आहे की बंद, आणि ती केव्हा झाली, एवढे दिसते. खाते क्रमांक दिसत नाही. एकाच बँकेत दोन खाती असतील तर नेमके कोणते खाते लावले आहे, ते शाखेतच विचारावे लागते.

सत्तरीची शेतकरीण

वरील उत्तरे उपयुक्त आहेत आणि दादांचे काम त्यातून होईल, अशी मला आशा आहे. तरीही या चर्चेत एक बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या सासऱ्यांनी सत्तरी तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या उतारावर काजू लावला. जमीन अल्वाराची, म्हणजे पोर्तुगीज काळात सरकारने कसायला दिलेली, आहे. तिच्याबाबतच्या फायली कार्यालयांतून फिरत आल्या आहेत आणि आमचे नाव अजूनही उताऱ्यावर आलेले नाही. सासरे गेले, नवरा गेला, आता मी आणि माझा मुलगा तीच बाग करतो. जानेवारीत रान काढतो, फेब्रुवारीच्या अखेरीपासून पहाटे उठून बोंडे गोळा करतो, बी पिळून वेगळी करतो, वाळवतो. मात्र उताऱ्यावर नाव नाही म्हणून माझ्याकडे कृषी कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून आधारभूत किमतीशी माझा संबंध नाही. गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला तो सांगेल त्या भावाने बिया देते. शेजारच्या बागेतली बी आणि माझी बी एकाच ढिगात जाते, आणि शेजाऱ्याला नंतर फरक मिळतो.

दोन वर्षांपूर्वी भाताच्या तुकड्यात गवेरेडे शिरले. कापणीला आठ दिवस राहिले होते. सकाळी गेले तर कणसे तुडवून चिखलात बसली होती आणि मधोमध त्यांच्या बसण्याचे गोल होते. शेतकरी आधार निधीतून नुकसानभरपाई मिळते हे मला माहीत होते, म्हणून मी अर्ज घेऊन गेले. अधिकारी चांगले होते, त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘ताई, उतारा?’ पुढे बोलणेच खुंटले.

ही अवस्था एकट्या सत्तरी तालुक्याची नाही. डिचोली तालुक्यातल्या मये गावातील लोकांची कहाणी सर्वांना माहीत आहे. १९६१ नंतर तिथल्या जमिनी निर्वासित मालमत्ता (गोवा सोडून गेलेल्या मालकांची मालमत्ता) म्हणून सरकारी ताब्यात गेल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसणारे लोक मालकीसाठी झगडत राहिले आणि त्यांच्यासाठी कायदा व्हायला २०१४ साल उजाडले. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेच्या, शेतांत लिलावाने किंवा तोंडी व्यवहाराने भात करणारे, अर्धेलीने कसणारे, हेही त्याच रांगेत आहेत. सन्मान निधीत तर कसणाऱ्याचा विचारच नाही, जमीन ज्याच्या नावावर तोच शेतकरी. मुंबईत किंवा परदेशात राहणाऱ्या मालकाचे नाव उताऱ्यावर असते आणि कमरेपर्यंत चिखलात उभी असलेली बाई मोजली जात नाही. कोणाचे मिळत असलेले पैसे थांबावेत, असे माझे म्हणणे नाही. आमच्यासारख्यांचीही कुठेतरी शेतकरी म्हणून नोंद व्हावी, एवढेच मला हवे आहे.

निवृत्त कृषी साहाय्यक

ताई, आपण लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. नोकरीत असताना ‘उतारा?’ हा प्रश्न मीही अनेकांना विचारला आणि समोरच्याचा चेहरा उतरलेला पाहिला.

एक गोष्ट मात्र करून पाहण्यासारखी आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क यांचे रकाने असतात, ते सर्वांना माहीत असतात. त्यांच्याखाली पिकाखालील क्षेत्राचा एक तक्ता असतो: वर्ष, कसणाऱ्याचे नाव, हंगाम, पीक, बागायती की जिरायती. मी पाहिलेल्या बहुतेक उताऱ्यांवर हा तक्ता कोरा असतो. भूमापनाच्या वेळी जे भरले गेले तेवढेच, नंतर कोणी लिहिले नाही. उभे पीक असताना तलाठ्याने प्रत्यक्ष पाहणी करून कसणाऱ्याचे नाव तिथे लिहावे, असा लेखी अर्ज मामलेदार कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. याने मालकी मिळत नाही आणि कार्डही लगेच मिळणार नाही. पण पाच-सहा वर्षे सलग आपले नाव कसणारी म्हणून सरकारी कागदावर राहिले, तर पुढे अल्वाराच्या प्रकरणात तो पुरावा हाताशी असेल. व्यापाऱ्याकडूनही शक्य असेल तर नाव व वजन लिहिलेली चिठ्ठी घ्यावी. आज तिचा उपयोग नाही, तरीही घ्यावी.

कुळागर (फोंडा)

मूळ प्रश्नातील काजूच्या भरडीबाबत कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरी याच कामात तीन वर्षे गेली.

आजोबांचे नाव उताऱ्यावर राहणे आज चालून जात असेल, पण वडिलांच्या पश्चात ते चालणार नाही. त्या वेळी वारसांची संख्या आणखी वाढलेली असेल. आपल्याकडे जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली समाईक मालमत्तेची पद्धत आहे, त्यामुळे वारसाबरोबर त्याचा जोडीदारही सामान्यतः त्या मिळकतीत भागीदार होतो. आजोबांना चार मुले असतील तर कागदावर आठ माणसे येतात. त्यांतले कोणी वारले असेल तर त्यांची मुले, सुना आणि जावई येतात. आत्याला विसरून चालत नाही. आमच्याकडे नेमके तेच झाले. कारवारला दिलेल्या आत्याचे नाव पहिल्या दस्तात राहून गेले आणि सगळा दस्त नव्याने करावा लागला. आत्या मात्र काही न बोलता दोनदा सहीला आली.

उपनिबंधकांकडे, म्हणजे विशेष नोटरीपुढे, उत्तराधिकार दस्त करता येतो. त्याला मृत्यूचे, जन्माचे आणि विवाहाचे दाखले लागतात, आणि हेच दाखले जमवण्यात सर्वाधिक वेळ जातो. एका कागदावर आडनाव एका प्रकारे आणि दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे लिहिलेले असते, कारण पोर्तुगीज काळातल्या लेखनिकाने कानाला आले तसे लिहिले. ते आधी दुरुस्त करून घ्यावे लागते. दस्त झाल्यावर तो जोडून म्युटेशनसाठी, म्हणजे उताऱ्यावरचे नाव बदलण्यासाठी, अर्ज करावा. एवढे लक्षात ठेवावे की या दस्ताने वारस कोण हे ठरते, वाटणी होत नाही. वाटणी हवी असेल आणि सगळ्यांचे एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचे (मिळकतीची यादी करून वाटणी करण्याचे) प्रकरण करावे लागते, आणि तो मार्ग लांबचा आहे.

दस्ताचे काम चालू असताना कृषी कार्डावर काजूचे क्षेत्र चढवून घेण्यासाठी सहवारसांचे संमतिपत्र चालेल का, ते आपल्या विभागीय कृषी कार्यालयात विचारावे. आमच्या बाबतीत ते चालले. वडील हयात आहेत, काका-आत्या हयात आहेत, सगळ्यांना सही करता येते, तोवरच हे काम सुरू करा. याहून बरी वेळ पुढे येणार नाही.

डोंगरमाथा (उत्तर गोवा)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काहीतरी निश्चित हाती आल्याशिवाय लिहू नये असे ठरवले होते.

त्याच रात्री स्थितीचे पान उघडले. जमीन ‘होय’, ई-केवायसी ‘होय’, बँक खाते ‘होय’. तिन्ही ‘होय’ पाहून मी आणखीच गोंधळलो. खाली हप्त्यांचा तपशील उघडला तर थांबलेले तिन्ही हप्ते दिले गेल्याचे लिहिले होते. मग खातेवही यांनी सांगितल्याप्रमाणे आधारच्या संकेतस्थळावर पाहिले. तिथे वडील दर वेळी चालत जातात त्या बँकेचे नाव नव्हते, दुसऱ्याच बँकेचे नाव होते, आणि जोडणीची तारीख सुमारे सव्वा वर्षापूर्वीची होती.

वडिलांना विचारले तर त्यांना आठवेना. आईला आठवले. सुपारीच्या पैशांतून काही रक्कम त्यांनी त्या बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवली होती आणि त्यासाठी खाते उघडावे लागले होते. पासबुक पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत होते. त्यावर खाते उघडल्याच्या दिवसाची एकच ओळ छापलेली होती. शनिवारी सकाळी वडिलांना घेऊन गेलो. यंत्राने एकेक ओळ छापायला सुरुवात केली तेव्हा वडील वाकून पाहत होते. व्याजाची एक ओळ, मग २०००, मग पुन्हा व्याज, मग २०००, मग २०००. त्यांनी ती पाने माझ्या हातात दिली नाहीत. घरी येईपर्यंत पासबुक त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते आणि वाटेत दोनदा त्यांनी ते काढून पाहिले. जोडणी आता जुन्या बँकेत परत आणण्यासाठी संमतिपत्र दिले आहे, कारण ती बँक घराजवळ आहे आणि वडिलांना तिची सवय आहे.

काजूबाबत निवृत्त साहाय्यकांचा अंदाज खरा निघाला. एकूण ११ पावत्या आहेत, त्यांतल्या ९ माझ्या नावे. बिया पिकअपमधून मीच नेत होतो आणि काट्यावर नाव विचारल्यावर मीच माझे नाव सांगितले होते. संस्थेकडे लेखी विनंती केली आहे. त्यांच्या वहीत नोंद दुरुस्त करता येते की नाही, ते येत्या बैठकीत कळेल. दुरुस्ती झाली नाही तर त्या नऊ पावत्यांचा फरक गेला असे समजून चालणार आहे. दोन पावत्या वडिलांच्या नावे असूनही का अडकल्या, हे कृषी कार्यालयात विचारले. कार्डावर भाताचेच क्षेत्र नोंदलेले आहे, काजूचे नाही, असे कळले. म्हणजे कुळागर यांनी सांगितलेल्या कामावाचून गत्यंतर नाही. दोन्ही काकांना आणि म्हापशाच्या आत्याला फोन झाला आहे. आत्याच्या विवाहाचा दाखला मिळवायचा आहे, तिचे लग्न १९७४ सालचे.

सत्तरीच्या ताईंना एक विनंती आहे. पीक-नोंदीच्या अर्जाचा मसुदा मी लिहून काढला आहे, कारण आमच्या भरडीवरही तो तक्ता कोराच आहे. आपली हरकत नसेल तर तो इथे टाकतो. आपल्या सर्व्हे क्रमांकाप्रमाणे बदल करून घ्यावा.

सत्तरीची शेतकरीण

जरूर टाकावा. आमच्या वाड्यावर अशी सात घरे आहेत. भाताला अजून दोन महिने आहेत, तोपर्यंत सगळ्यांचे अर्ज तयार ठेवते, म्हणजे तलाठी येतील तेव्हा पीक उभे असेल.